ताईला कुठं ठेवलंस?

गेल्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, त्याच्या गुडघ्याचं झालं, मग त्यानं आवाज जरा खाली आणून विचारलं, "आणि काय रे, ताईला कुठं ठेवलंस?"

त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. आपल्याकडे हे असंच विचारतात. पण मी कारखान्यात स्टोअरकीपर आहे, २८ वर्षं झाली. ठेवणं हा माझा धंदाच. कुठला माल कुठल्या रॅकवर, कितव्या खणात, किती नग, कोणी नेला, परत आणला का, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडली पाहिजे, हा आमचा पहिला नियम. ताई परवाच ठेवल्या जागी सापडली नाही. शेजारच्या इमारतीतल्या एका आजींकडे टीव्ही बघत बसली होती, आणि त्या आजींना हे इतकं सवयीचं झालंय की त्यांनी फोनसुद्धा केला नव्हता.

"ठेवलं नाही रे," मी म्हटलं, "ती राहते तिथं."

"तेच ते," तो म्हणाला.

मला ते 'तेच ते' काही पचलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

ताई ५६ वर्षांची, मी ५१चा. तिला डाउन सिंड्रोम आहे. ती दोन घड्याळं घालते, दोन्ही डाव्या हातात, आणि वेळ कुठल्याच घड्याळात बघत नाही. रिकामी झालेली पेनं जमवते. चालू पेन दिलं तर परत करते. बोलते कमी, पण "नको" हा शब्द तिला सतरा तऱ्हांनी म्हणता येतो आणि त्यातली एक तऱ्हा "हो" अशी आहे. मला ती बाळ्या म्हणते. कारखान्यात माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, त्यांच्यासमोर एकदा तिनं फोनवर स्पीकर चालू असताना हाक मारली होती. त्यानंतर आठवडाभर इश्यू स्लिपा, म्हणजे माल दिल्याच्या चिठ्ठ्या, जरा उशिरानेच आल्या.

तिचा जन्म झाला तेव्हा डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं की फार आशा ठेवू नका. त्यांचंही फारसं चुकलं नव्हतं. अमेरिकेत अगदी १९८३ सालापर्यंत डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं. आता ते साठीला टेकलंय. हृदयातल्या जन्मजात दोषावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि माणसांना मोठमोठ्या संस्थांत कोंबून मरू देणं कमी झालं, ही त्यामागची मुख्य कारणं. पण याचा दुसरा अर्थ कुणी सांगत नाही. ज्या मुलांनी आईबापांच्या आधी जायचं असं गृहीत धरलं होतं, ती आता आईबापांच्या मागे राहू लागली. आमच्या आईनं आयुष्यभर एकच प्रार्थना केली: हिच्यानंतर एक दिवस मला ने. ती प्रार्थना मी लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ ताई आधी मरावी असा होतो, हे माझ्या डोक्यात शिरायला चाळिशी यावी लागली.

आई गेली ६ वर्षांपूर्वी, ८० वर्षांची होऊन. त्या दिवशी आम्ही ताईला शेजारी पाठवलं. तिला कशाला त्रास, तिला काय कळणार, असं सगळे म्हणाले आणि त्या 'सगळे'मध्ये मीही होतो. आईचं शेवटचं दर्शन तिनं घेतलं नाही. संध्याकाळी परत आली तेव्हा पलंग रिकामा. पुढे चार महिने ती रोज झोपताना आईचा चष्मा डबीतून काढून उशीशेजारी ठेवायची आणि सकाळी परत डबीत घालायची. मी एकदा ती डबी कपाटात वर ठेवून दिली. चांगल्या हेतूनंच. तिनं दोन दिवस खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी मी डबी खाली आणली. मला आज कुणी विचारलं की सगळ्यात मोठी चूक कुठली, तर ते शेजारी पाठवणं. जी गोष्ट तिला 'कळणार नाही' म्हणून आम्ही लपवली, ती तिला चार महिने रोज रात्री नव्यानं कळून घ्यावी लागली.

आई गेल्यावर ताई आमच्याकडे आली. "आम्ही दोघांनी तिचं तीन वर्षं केलं" असं मी लोकांना सांगतो. ते खरं नाही. बायकोनं केलं. मी औषधांचा डबा भरायचो, डॉक्टरांच्या तारखा सांभाळायचो, बिलं फायलीला लावायचो. थोडक्यात इथेही स्टोअरकीपरच. आंघोळ, कपडे, केस, नखं, रात्री ओलं झालेलं अंथरूण, सगळं तिच्याकडे. पुरुष असण्याची ही एक सोय आहे. मोठ्या बहिणीला आंघोळ घालणं भावाला शोभत नाही म्हणतात, आणि मग भाऊ बाहेर पेपर वाचत बसतो. एकदा बायको आठ दिवस तापानं पडली तेव्हा मी ते केलं. पहिल्या दिवशी ताईनं दार आतून लावायचा प्रयत्न केला. आमच्या न्हाणीघराची कडी मीच काढून टाकली होती, ती आत अडकेल म्हणून. तिनं दाराला पाठ लावली आणि दोन्ही पायांनी जोर देऊन उभी राहिली. "बाळ्या नको. जा." मी बाहेरून सांगत राहिलो, साबण कुठं, मग कुठं. अर्धवट आंघोळ झाली. तिला लाज वाटते हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं. लाज म्हणजे काय हे तिला कुणी शिकवलेलंही नव्हतं.

पगारी बाई ठेवून बघितल्या, तीन. एक महिन्यात गेली, एक चांगली होती तिचं लग्न झालं, तिसरीबद्दल न लिहिलेलं बरं.

मग दुसऱ्या वर्षी ताई गप्प झाली.

म्हणजे मुळात कमी बोलणारी माणसं गप्प झालेली लवकर लक्षात येत नाहीत. ती टीव्हीसमोर बसायची पण हसायची नाही. हाक मारली तर वळायची नाही. पेनं तशीच पडून. पाय ओढत चालायची, दुपारभर झोपायची. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं, वय विचारलं, आणि मला सांगितलं की या लोकांना डिमेन्शिया लवकर येतो, मनाची तयारी ठेवा. आणि हे अगदीच खोटं नाही. २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती म्हणजे डाउन सिंड्रोम, आणि अल्झायमरमध्ये मेंदूत जे प्रथिन साचतं त्याचा जनुक नेमका त्याच गुणसूत्रावर बसलेला. चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्याच मेंदूत ते बदल दिसू लागतात. मी घरी आलो, रात्री हे सगळं वाचून काढलं आणि मनाची तयारी ठेवली. या कामात मी हुशार आहे.

तयारी मोडली ती तिसऱ्या, त्या न लिहिण्यासारख्या बाईनं. श्रेय जिथलं तिथं द्यायला हवं. ती म्हणाली, "साहेब, या डाव्या बाजूनं हाक मारली तर बघतात की." आम्ही सगळे नेहमी उजवीकडून येतो, तिची खुर्ची तशी लावली होती. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांतून मळाचे खडे काढले, उजवीकडचा मोठा. डाउन सिंड्रोममध्ये कानाची नळी अरुंद असते, मळ साचतो, हे इतकं साधं आहे. रक्त तपासलं तर थायरॉइड पार खाली गेलेलं. गोळी सुरू केली. सात-आठ आठवड्यांनी एका सकाळी आतून आवाज आला, "बाळ्या, पेन." बायको आणि मी एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

याला इंग्रजीत डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात. अपंगत्वाची सावली एवढी मोठी पडते की तिच्याखालचा साधा आजार दिसतच नाही. दात दुखत असेल, मोतीबिंदू असेल, रात्री झोपेत श्वास अडकत असेल, नैराश्य असेल, कान भरलेला असेल. सगळ्याला उत्तर एकच, 'ते तसंच असतं यांचं'. घरात असं कुणी मोठं असेल तर मी हात जोडून सांगतो, वर्षातून एकदा थायरॉइड, कान आणि डोळे तपासून घ्या. आणि पस्तिशी-चाळिशीत, सगळं ठीक असताना, ती काय काय करू शकते ते एकदा नीट लिहून ठेवा, जमलं तर व्हिडिओ करा. बटण लावणं, जिना उतरणं, नातेवाइकांची नावं. पुढे काही घसरलं तर कुठून घसरलं हे दाखवायला तेवढाच पुरावा असतो. आमच्याकडे तो नव्हता. डॉक्टर विचारायचे, "आधी कशी होती?" आणि मी म्हणायचो, "छान होती." स्टोअरमध्ये कुणी मला 'माल छान होता' असं लिहून दिलं असतं तर मी ते रजिस्टर त्याच्या अंगावर फेकलं असतं.

या सगळ्यात बायकोची पाठ गेली आणि आम्ही जागा बघायला लागलो.

पहिली जागा ४० खाटांची. नाव सांगत नाही. चकाचक होती, फरशीत तोंड दिसत होतं. आम्हाला फिरवून दाखवणारे गृहस्थ मला कामात मुरलेले वाटले: प्रत्येक खाटेला नंबर, कपाटाला तोच नंबर, कपड्यांवर तोच नंबर शिवलेला, सगळ्या कपाटांच्या किल्ल्या एका फळीवर टांगलेल्या. मी मनापासून कौतुक केलं. इतकी नीट मांडणी मी माझ्या स्टोअरलाही करू शकलेलो नाही. गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "तिथं कुणीतरी काहीतरी हरवलेलं असायला हवं होतं." तेवढंच म्हणाली. आम्ही परत गेलो नाही.

खाटांचे आकडे वाढले की काय होतं याची गोष्ट जगाला माहीत आहे. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर विलोब्रुक नावाची सरकारी शाळा होती, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी. बांधली ४००० जणांसाठी, १९६५ साली आत ६००० हून जास्त. १९७२मध्ये एका टीव्ही वार्ताहरानं कॅमेरा आत नेला आणि उघडी मुलं, अंधार, घाण हे सगळं लोकांच्या बैठकीच्या खोलीत येऊन पोचलं. कोर्टकज्जे झाले, ती १९८७ला बंद झाली. ते वाचताना सगळ्यांना राग येतो, मलाही आला. पण वाईट आणि घाणेरडी जागा ओळखायला अक्कल लागत नाही. मला भीती चकाचक जागेची वाटायला लागली, कारण ती मला आवडली होती.

दुसरी जागा एका निवृत्त शिक्षकांमुळे कळली. त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांनी आणि आणखी दोन घरांनी मिळून एक फ्लॅट भाड्यानं घेतला होता. चौघी राहणार, दिवसा दोन मदतनीस, रात्री एक. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. चौथी जागा रिकामी होती. आईचं घर भाड्यानं दिलं तर त्यात भागत होतं; ते घर नसतं तर हा लेख झाला नसता, हेही सांगून टाकतो. पैशाशिवाय हे कुणाला जमतं असं मी म्हणणार नाही.

सरांनी मला काही कागदांच्या झेरॉक्स दिल्या. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला, त्याचं १९ वं कलम, आणि त्या कलमाचा अर्थ समजावणारी २०१७ सालची टिप्पणी. कलमात म्हटलंय की कुठं आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडायचा हक्क अपंग माणसाला इतरांइतकाच आहे. ठीक, असं कलमात म्हणतातच. पण टिप्पणी वाचताना मी मध्येच थांबलो. तिच्यात लिहिलंय की शंभराहून जास्त माणसांची संस्था असो, पाच ते आठ जणांचं छोटं घर असो, की एकट्याचं घर असो, तिथं संस्थेची लक्षणं असतील तर ती संस्थाच. आणि मग लक्षणं दिली आहेत. आपल्याला कोण मदत करणार हे ठरवता न येणं. रोजच्या निर्णयांत आपलं काही न चालणं. आपल्या इच्छेशी संबंध नसलेलं वेळापत्रक. कुणाबरोबर राहायचं याला पर्याय नसणं.

मी आमच्या घराची लक्षणं मोजली. कडी काढलेलं न्हाणीघर. मी लावलेली खुर्ची. बायकोनं काढून ठेवलेले कपडे. दिवसभराचं वेळापत्रक फ्रिजवर, माझ्या अक्षरात. चाळीस खाटांना नावं ठेवत होतो आणि घरात एका खाटेची संस्था चालवत होतो, प्रेमानं.

त्याच झेरॉक्समध्ये बेंग्ट निर्ये या स्वीडिश माणसाच्या १९६९च्या लेखाचा भाग होता. दिवसाला, आठवड्याला, वर्षाला जशी इतरांची लय असते तशीच अपंगांच्या आयुष्यालाही असावी, असं त्याचं म्हणणं. आणि त्यात एक बारकावा आहे: केवळ बौद्धिक अपंगत्व आहे म्हणून, किंवा रात्री माणसं कमी आहेत म्हणून, कुणाला आपल्या धाकट्या भावंडांच्या आधी झोपायला जावं लागू नये. धाकटा भाऊ. आमच्याकडे ताईचा दिवा साडेआठला बंद व्हायचा. मी पाच वर्षांनी धाकटा, दहापर्यंत जागा, बाहेर आईबाबांच्या गप्पा, रेडिओ. ती अंधारात जागी असायची. तिच्या कुशी बदलण्याचे आवाज मला ऐकू यायचे. आई गेल्यावर आमच्या घरीही तिचा दिवा साडेआठलाच बंद होत होता. का, तर तसा नियम होता. कुणाचा, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

जायच्या आधी मी एक वही केली. ४३ पानं. औषधं, डोस, तक्ता, रक्तगट, घसरण्याच्या जागा, आवाज कशाचा सहन होत नाही, आंघोळीला पाणी किती गरम, काय झालं तर कुणाला फोन. मला अभिमान होता त्या वहीचा. तिथल्या मुख्य मदतनीस, पंचेचाळिशीच्या बाई, त्यांनी ती शांतपणे चाळली आणि विचारलं, "यात ताईंना काय आवडतं ते कुठल्या पानावर आहे?"

नव्हतं. कुठल्याच पानावर नव्हतं. मी बिन कार्ड, म्हणजे मालाच्या खणावर लावायचं कार्ड, तयार केलं होतं. माल नाजूक आहे, उभा ठेवा, ओलाव्यापासून जपा.

मग मी चार दिवस रजा काढली आणि नुसता बघत बसलो. तिला कपड्यांच्या घड्या घालायला आवडतात, पण फक्त स्वतःच्या नाही, सगळ्यांच्या. पाऊस पडत असताना खिडकी उघडी लागते. दोन बायका हळू आवाजात बोलत असतील तर तिथं जाऊन बसायला आवडतं, विषय काहीही असो. पिवळा रंग आवडत नाही. तीन वर्षं आम्ही तिला पिवळा टॉवेल देत होतो. पान भरलं. ते ४४ वं.

गेली एकदम नाही. आधी दुपारपुरती, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार, असे तीन महिने. कायमची गेल्यावर पहिले सहा आठवडे वाईट होते. संध्याकाळी पिशवी भरून दाराशी बसायची. मदतनिसांचा फोन यायचा, मी बूट घालायचो, बायको म्हणायची, "थांब." ती सहा आठवड्यांत अकरा वेळा 'थांब' म्हणाली आणि तीनदा मी थांबलो नाही. गेलो, ताईशेजारी दाराशी बसलो. आणलं मात्र नाही. याच दिवसांत एका नात्यातल्या बाईंनी लग्नात मला ऐकू जाईल असं म्हटलं की आईनं पन्नास वर्षं केलं आणि यांना तीन वर्षं झेपलं नाही. बरोबर आहे, नाही झेपलं. आईलाही झेपत नव्हतं. तिला दुसरं काही दाखवलंच नव्हतं कुणी. बेल्जियममध्ये गील म्हणून गाव आहे, तिथं मध्ययुगापासून घराघरांतून मानसिक आजाराची माणसं राहायला घेतात. नातेवाईक नाहीत, ओळखीची नाहीत. त्यांना रुग्ण म्हणत नाहीत, पाहुण्यासारखा शब्द आहे, आणि घरच्यांना आजाराचं नावही सांगत नाहीत. १९३०च्या दशकाच्या शेवटी साडेतीन हजारांहून जास्त माणसं तशी त्या एका गावात होती. आजही थोडी आहेत. म्हणजे 'रक्ताच्या माणसांनीच करायचं असतं' हा काही निसर्गाचा नियम नव्हे. त्या बाईंना हे सांगावंसं वाटलं, पण लग्नघर होतं.

सगळं गोड आहे असंही नाही. तीन वर्षांत पाच मदतनीस बदलल्या. प्रत्येक नवी बाई आली की ताई चार दिवस खोलीतून बाहेर येत नाही. एका मदतनिसानं तिच्यावर ओरडण्याची सवय लावून घेतली होती. कळलं कसं, तर ताई नव्यानं खांदे वर घेऊन बसायला लागली, आणि शेजारच्या त्या टीव्हीवाल्या आजींनी खिडकीतून ऐकलं होतं. त्या बाईंना काढलं. तेव्हापासून मी न सांगता जातो, वेगवेगळ्या वेळी, आणि मीच नाही: बायको, सर, ताईची जुनी शाळेतली मैत्रीण आणि तिची वहिनी. घर छोटं आहे म्हणून सुरक्षित असतं हा गैरसमज आहे. चार माणसांच्या घरात बंद दारामागे काहीही होऊ शकतं. दाराबाहेरच्या किती लोकांना आपलं माणूस नावानं माहीत आहे, वाण्याला, आजींना, इमारतीच्या रखवालदाराला, यावर बरंच अवलंबून असतं. ताई दिसली नाही तर विचारणारे सात लोक आहेत. मी यादी केली आहे. सवय जात नाही.

यादीत माझी मुलगी नाही. २३ वर्षांची आहे. एकदा मी तिला बँकेचे कागद समजावून सांगायला बसलो, माझ्यानंतर आत्याचं वगैरे. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, मी आत्याकडे जाईन, तिच्याबरोबर बसेन, भांडेन. पण मला ती वारसाहक्कात देऊ नका." मला राग आला. दोन दिवस बोललो नाही. मग आठवलं की मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि ताईला तर त्याहून नाही. आता कागदपत्रांना दोघे जण आहेत, सर आणि माझा एक मित्र, आणि सरांच्या मुलीच्या कागदांवर मी आहे.

तिथं तिला स्वतःची किल्ली आहे, गळ्यात दोरीला. दार उघडता येत नाही तिला, कुलूप फिरवताना बोटं कमी पडतात, पण किल्ली आहे. माझ्याकडेही एक असते. सुरुवातीला मी त्या किल्लीनं सरळ आत जायचो. एका रविवारी ती सोफ्यावरून उठली, माझ्यासमोर आली, माझ्या छातीला तळहात लावला आणि दाराकडे बोट करून म्हणाली, "बेल." मी बाहेर गेलो, दार ओढून घेतलं, बेल वाजवली. बराच वेळ कुणी आलं नाही. आतून हसण्याचा आवाज येत होता. तेव्हापासून बेल.

गेल्या दोन-तीन महिन्यांत मात्र ती दोनदा मला बाबा म्हणाली. आणि एकदा आपलीच खोली शोधत होती. कान साफ आहेत, थायरॉइड जागेवर आहे, डोळे तपासले. या वेळी आमच्याकडे व्हिडिओ आहेत, आधीचे, तारीखवार. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. काय निघेल याचा मला अंदाज आहे आणि या वेळी तो अंदाज कानाच्या मळानं चुकेल असं वाटत नाही.

म्हणून महिन्याच्या बैठकीत मी विचारलं, "पुढे वाढलं तर... तुम्ही तिला इथं ठेवाल ना?"

शब्द तोंडातून गेला आणि मलाच ऐकू आला. मुख्य मदतनीस बाईंनी वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "ताईंना विचारू. आणि तोवर न्हाणीघरात धरायला काहीतरी लावून घेऊ."

गेल्या रविवारी मी दोन दांडे, ड्रिल आणि आठ स्क्रू घेऊन गेलो. बेल वाजवली. एका दांड्याला चार स्क्रू, मोजून आणलेले, एकही जास्त नाही. ताई न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून बसली आणि तळहातावर स्क्रू घेऊन मला एकेक देत होती. पहिला दांडा झाला. दुसऱ्याचे तीन बसले. चौथ्यासाठी हात मागे केला तर हात रिकामाच राहिला.

"ताई, एक राहिलाय."

"नको," ती म्हणाली. ही तऱ्हा मला ओळखीची आहे. पेनांच्या डब्यात असणार तो.

मी दुसरा आणायला खाली गेलो.